उपचार सुरू होण्याआधी: बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या कॅन्सर रुग्णाच्या घरासाठी तयारीची यादी

बायॉप्सीचा, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासल्याचा रिपोर्ट हातात आला की घरात पहिली चर्चा होते ती कुठं न्यायचं याची. ती होऊ द्या, पण त्याच संध्याकाळी रुग्णाचं आधार, रेशन कार्ड, पासबुक आणि तो रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवून नाव अक्षरन्‌अक्षर ताडून बघा. आपल्या भागात सगळ्यात जास्त अडतं ते इथं. शाळेचा दाखला मराठीत, रेशन कार्ड कन्नडमध्ये, आधारवर कन्नड आणि इंग्रजी. इंग्रजी स्पेलिंगमध्ये कुठं यल्लाप्पाचा येल्लाप्पा झालेला, कुठं आडनाव आधी, तर कुठं आडनावाच्या जागी नुसतं एक अक्षर. लॅबमध्ये तर कुणीतरी हाकेचं नाव सांगितलेलं असतं. योजनेचा कागद नाव जुळत नाही म्हणून परत आला की केमोची तारीख पुढं जाते. म्हणून केस पेपरवर पहिल्याच दिवशी आधारवरचंच नाव घालून घ्या आणि लॅबचा रिपोर्टही तसा दुरुस्त करून मागा. रेशन कार्डाच्या दुरुस्तीला वेळ लागतो, तेव्हा तो अर्ज सगळ्यात आधी टाका. सुनेचं नाव अजून माहेरच्याच कार्डात आहे का, हेही बघा. उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतून, म्हणजे कर्नाटकच्या महसूल खात्याच्या स्थानिक कार्यालयातून, काढून ठेवा, पुढं प्रत्येक अर्जाला तो लागतो.

आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. एपीएल असेल तर पॅकेजच्या ३० टक्के, तेही वर्षाला दीड लाखापर्यंत. क्रम चुकवू नका: आधी सिव्हिल हॉस्पिटलमधून रेफरल (पुढं पाठवल्याची चिठ्ठी), मग योजनेतल्या हॉस्पिटलात पूर्वमंजुरी, मग उपचार. घाईघाईनं ॲडव्हान्स भरून ऑपरेशन उरकलं आणि मग कार्ड पुढं केलं, तर भरलेले पैसे परत मिळतील या आशेवर राहू नका. शंका असेल तर १४५५५ वर विचारा.

कोल्हापूर, मिरज किंवा मुंबईला जायचं असेल तर निघण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे हॉस्पिटलात योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला, गाठा आणि आपलं कार्ड त्यांच्या संगणकावर निघतं का ते बघायला सांगा. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचा निर्णय घेतला. पण गावाचं नाव यादीत असणं वेगळं आणि काउंटरवर मंजुरी निघणं वेगळं. मंजुरी हातात पडेपर्यंत हिशेब स्वतःच्या खिशातूनच धरा.

पंतप्रधान सहाय्यता निधीसाठी हॉस्पिटलच्या लेटरहेडवर आजाराचं नाव आणि खर्चाचा अंदाज लिहिलेलं पत्र लागतं, सोबत उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा पुरावा आणि फोटो. मदत थेट हॉस्पिटलला जाते आणि झालेल्या खर्चाची भरपाई मिळत नाही. त्यामुळं अंदाजपत्रक पहिल्याच भेटीत मागा, डिस्चार्जच्या दिवशी त्याचा उपयोग नाही.

हॉस्पिटल बदलताना रिपोर्टची झेरॉक्स पुरत नाही. लॅबमधून स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक (बायॉप्सीचा तुकडा मेणात बसवलेला असतो तो) सही देऊन ताब्यात घ्या, कारण मोठं हॉस्पिटल ते स्वतः पुन्हा तपासतं. ब्लॉक मेणाचे असतात, तेव्हा उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डिकीत ठेवू नका. प्रत्येक डबीवरचा नंबर रिपोर्टवरच्या नंबराशी तिथंच जुळवा. स्कॅनची नुसती फिल्म नको, सीडीही मागा. ब्लॉक राहिले म्हणून मुंबईत परळच्या टाटा हॉस्पिटलातून बेळगावला परत यायचं म्हणजे एका माणसाचे दोन दिवस आणि भाडं गेलं.

बिलापेक्षा घर मोडतं ते मुक्कामानं, असं आमचं स्पष्ट मत आहे. रेडिएशन, म्हणजे गावात ज्याला लाईट म्हणतात ते, बहुतेक वेळा आठवड्यातले पाच दिवस आणि पाच-सहा आठवडे चालतं. लाईट मिनिटांत होते, दिवस मात्र सगळा जातो. म्हणून ऑपरेशन किंवा पहिला सल्ला लांब घेतला तरी लाईट आणि पुढचे केमो जवळ घेता येतील का, हे डॉक्टरांना सरळ विचारा. बेळगाव, हुबळीचं नवनगर, कोल्हापूरजवळचं गोकुळ शिरगाव, मिरज इथल्या कॅन्सर हॉस्पिटलांचे पल्ले त्यातल्या त्यात आवाक्यातले. मुंबईतच राहायचं ठरलं तर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि तशाच इतर ठिकाणांची चौकशी टाटाच्या समाजसेवा विभागात पहिल्याच दिवशी करा. खोली लगेच मिळेल असं धरून चालू नका.

रेल्वेत कॅन्सर रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीचं मूळ भाडं पूर्ण माफ आहे, सोबतच्या एका माणसाला त्याच वर्गात ७५ टक्के सवलत. फॉर्म हॉस्पिटलमधून सही-शिक्क्यासह घ्या, तिकीट काउंटरवर काढा आणि मूळ कागद प्रवासात जवळ ठेवा. हुबळी, बंगळूरच्या फेऱ्यांना बायकांना कर्नाटकच्या साध्या बसमध्ये शक्ती योजनेत तिकिटाचे पैसे पडत नाहीत, पण आधारवर पत्ता कर्नाटकचा हवा.

केमो बहुधा दर २१ दिवसांनी येतो, उसाचं बिल तसं येत नाही. मधल्या दोन-तीन खेपांचा रोख पैसा आधीच वेगळा काढा. त्यात औषधं, रक्ततपासणी, गाडी आणि सोबत्याचं जेवण धरा. सोनं सगळं एकदम गहाण टाकू नका. बँक खातं रुग्णाच्या एकट्याच्या नावावर असेल तर तो स्वतः बँकेत जाऊ शकतो तोवरच दुसरं नाव लावून ‘दोघांपैकी कुणीही’ असं करून घ्या. नोकरदाराला ईएसआय (कामगार विमा) असेल तर कॅन्सरसाठी लांब मुदतीचा आजार भत्ता आहे, त्याचे कागद रजेवर जायच्या आधीच काढा.

घरी डिजिटल थर्मामीटर हवाच. केमोनंतर सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या आसपास पांढऱ्या पेशी सर्वांत खाली असतात. तेव्हा १००.४ फॅरनहाइट ताप आला तर क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नाही, रात्रीच हॉस्पिटल गाठायचं. त्यासाठी गाडीवाल्याला आधी सांगून ठेवा, आणि शेवटच्या केमोचा कागद फाइलमध्ये सगळ्यात वर लावा. रात्रपाळीचा डॉक्टर आधी तोच मागतो.