३ − (−२) आणि दोन रंगांची बटणं

३ − (−२) चं उत्तर मुलं हमखास १ लिहितात. 'दोन वजा मिळून अधिक' हे पाठ करून घेतलं, तर पुढच्या आठवड्यात −३ − २ चंही +५ करून आणतात. म्हणून नियमाआधी दोन रंगांची वीसेक बटणं घ्या.

१. निळं बटण +१, लाल −१. एक निळं, एक लाल शेजारी ठेवलं की शून्य. अशी जोडी कितीदाही ठेवा, उचला, किंमत तीच. इथे घाई नको. 'शून्य किती प्रकारे मांडता येईल?' असं विचारा आणि मुलांना खुशाल खेळू द्या.

२. ५ + (−३): पाच निळी, तीन लाल. जोड्या काढल्या की दोन निळी उरतात.

३. आता ३ − (−२). तीन निळी मांडली. दोन लाल उचलायची, पण लाल आहेत कुठे? इथे मुलांना अडू द्या, लगेच सांगू नका. बहुतेक वेळा कुणीतरी सुचवतंच: शून्याच्या दोन जोड्या आणून ठेवू! मग दोन लाल उचलली, की समोर पाच निळी.

वाचून घेताना 'तीन वजा उणे दोन' असंच म्हणायला लावा. क्रिया ती 'वजा', संख्येचं चिन्ह ते 'उणे'. दोन्हीला 'मायनस' म्हटलं की गोंधळ सुरू.

एक जपा: (−२) × (−३) बटणांनी दाखवता येतं, पण फार कसरत होते. तिथे २ × (−३) = −६, १ × (−३) = −३, ० × (−३) = ० अशी उतरंड मांडून पुढची ओळ मुलांनाच लिहू द्या.