लेकरू परदेशात निघालंय? तिथला कायदा असा बघा

मागच्या दिवाळीत आमच्या गल्लीतल्या मावशी डबा घेऊन माझ्या सेंटरवर आल्या. पोरगं दुबईला जायलाय, बॅगेत अनारसे द्यायचेत, तिकिटावर वजन किती लिहिलंय तेवढं बघ म्हणल्या. वजन सांगितलं आणि सहज डबा उघडला तर एकेक अनारसा खसखशीनं गच्च भरलेला. म्हटलं मावशी हे पाठवू नका, तिकडं खसखस बंद आहे, ड्रग्जच्या कायद्यात येते. मावशी माझ्याकडं बघतच राहिल्या, "काहून रे, खसखस खाऊन आजवर कुणाला चढली का?" आता त्यांना काय सांगणार, आपल्याकडं किराणा दुकानात पुडीत मिळती ती गोष्ट तिकडं अफूच्या झाडाची म्हणून गुन्ह्यात धरतात. मावशींनी तिळावर थापून नवीन घाणा काढला आणि खसखशीवाले आम्ही सेंटरवर चहासोबत संपवले.

मी परभणी जिल्ह्यात पासपोर्टचे फॉर्म भरून देतो, सातबारा काढून देतो. हल्ली दर आठवड्याला कुणीतरी विचारायलंय, तिकडं कायदा कसाय हो? एजंट लोक सांगतात "काही नाही, सगळं सेम आहे." सेम काहीच नसतंय. म्हणून मी जसं बघतो तसं सांगतो.

पहिलं म्हणजे "कायदा काय आहे" हे विचारूच नका. आधी विचारा की तिथं हा कायदा करतं कोण, दिल्लीसारखं केंद्र का मुंबईसारखं राज्य. हे आपल्या मराठवाड्याच्या माणसाला खरं तर सगळ्यात लवकर कळायला पाहिजे. कुळाची केस चालू असली की वकील आपल्याला हैदराबादचा १९५० चा कुळकायदा दाखवतो, पुण्याकडच्या पाव्हण्याला १९४८ चा मुंबईचा आणि विदर्भातल्याला १९५८ चा. राज्य एकच, मुख्यमंत्री एकच, पण आपण १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाकडं होतो आणि त्यानंतरही १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच, म्हणून आपला कायदा त्या वाटेनं आला. एका राज्यात जर असं तर अख्ख्या देशाचा एकच कायदा कसा धरायचा.

तर ऑफर लेटरवर देशाचं नाव नाही, गावाचं नाव बघा. दुबई आणि शारजा एकाला एक लागून, दोन्ही एकाच देशात, संयुक्त अरब अमिरातीत, जो १९७१ मध्ये झाला आणि ज्यात सात अमिराती आहेत. दुबईत हॉटेलात दारू मिळते, शारजात पूर्ण बंदी. खोली शारजात स्वस्त मिळती म्हणून आपली पोरं राहतात तिकडं आणि कामाला जातात दुबईला, म्हणजे रोज दोन कायद्यांत ये-जा. खसखस मात्र दोन्हीकडं बंद, कारण तो अख्ख्या देशाचा कायदा.

अमेरिकेत तर ही भानगड लई मोठी आहे. तिथं खून, चोरी, लग्न, गाडीचं लायसन हे सगळं राज्याराज्याचं वेगळं, फाशी एका राज्यात आहे आणि शेजारच्या राज्यात नाही. आपल्याकडं भारतीय न्याय संहिता नांदेडला तीच आणि नागालँडलाही तीच, म्हणून हे डोक्यात बसत नाही. कॅलिफोर्नियात गांजाचं दुकान रस्त्यावर उघडं असतंय, राज्याच्या कायद्यानं चालतंय, पण केंद्राच्या कायद्यात तो अजून गुन्हा आहे आणि व्हिसा देतं केंद्र. म्हणजे आपल्या पोरानं दुकानातून रीतसर बिल घेऊन आणला तरी व्हिसाच्या मुलाखतीत ते नडू शकतंय. पोराला जाण्याआधी हे समोर बसवून सांगा, लाजू नका.

दुसरा प्रश्न, तिथलं सरकार घरी कोण पाठवू शकतं? हा प्रश्न पेपरवाल्यांचा वाटतो पण तुमच्या व्हिसाचा आहे. आपल्याकडं १९९९ च्या एप्रिलमध्ये वाजपेयींचं सरकार २६९ विरुद्ध २७०, एका मतानं गेलं. इंग्लंडातही सभागृहाचा विश्वास गेला की पंतप्रधान टिकत नाही. जर्मनीवाले जरा पुढचे निघाले, तिथं चॅन्सेलरला, म्हणजे त्यांच्या पंतप्रधानाला, पाडायचं तर आधी नवा कोण ते बहुमतानं निवडून दाखवावं लागतंय, नुसतं पाडापाडीला परवानगी नाही, त्यामुळं असं आजवर एकदाच जमलंय, १९८२ ला. (हा नियम आपल्याकडं असता तर किती रिसॉर्टवाल्यांचा धंदा बसला असता.)

अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष वेगळा निवडून येतो, चार वर्षं पक्की. समोरच्या पक्षाकडं दोन्ही सभागृहं असली तरी अविश्वास ठराव ही चीजच नाही, महाभियोग आहे पण तो लई अवघड. म्हणून एक माणूस सही करतो आणि इकडं लातूरच्या घरात झोप उडते. एच वन बी व्हिसाचा, म्हणजे शिकलेल्या पोरांना तिथं नोकरीला जायच्या व्हिसाचा, आकडा, वर्षाला ६५ हजार आणि तिथं मास्टर्स केलेल्यांसाठी आणखी २० हजार, हा संसदेनं कायद्यात घातलेला, तो वाढवायला संसदच लागते. पण सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जांवर एक लाख डॉलर लावले ते राष्ट्राध्यक्षांच्या घोषणेनं, एका सहीत. म्हणून कुठलीही बातमी आली की आधी बघा हा कायदा बदललाय का आदेश निघालाय. कायदा महिनोन्महिने चर्चेत राहतो, तोवर तुम्हाला वेळ असतो, आदेश मात्र शुक्रवारी निघून रविवारपासून लागू होऊ शकतो, तो तसाच लागला होता.

आखातात हा प्रश्न सरळ आहे, सरकार घरी पाठवायची सोयच नाही. अमिरातीत ४० जणांचं एक मंडळ आहे, निम्मे निवडलेले निम्मे नेमलेले, पण काम सल्ला द्यायचं. सौदीत तेवढीही निवडणूक नाही, सल्लागार मंडळ राजा नेमतो. तिथं पगार अडकला तर मोर्चा, उपोषण, रास्ता रोको असलं काही डोक्यातसुद्धा आणायचं नाही, कामगार खात्याकडं लेखी तक्रार आणि आपला दूतावास एवढ्याच वाटा.

कागदांचं थोडक्यात. दहावी पास नसलेल्या माणसाला आखातातल्या नोकरीसाठी जाताना आपल्याच सरकारची वेगळी मंजुरी लागते, १९८३ चा कायदा आहे, पासपोर्टवर ईसीआर लिहिलेलं असतंय. दहावीची मार्कशीट असेल तर पासपोर्ट काढतानाच लावा, नंतर पळापळ नको. डिग्रीवर अपोस्टिलचा, म्हणजे कागद खरा आहे असं आपलं परराष्ट्र खातं सांगतं तो, शिक्का चालतो तो त्या करारातल्या देशांतच, अमिरात त्यात नाही, तिथं त्यांच्या दूतावासाचा शिक्का वेगळा. गोळ्या-औषधं नेताना डॉक्टरची चिठ्ठी आणि बिल सोबत, कोडीन किंवा ट्रामाडॉल (खोकल्याच्या, दुखण्याच्या औषधांत असतात) असलेली असतील तर आधी तिथल्या आरोग्य खात्याची ऑनलाईन परवानगी. जर्मनीत खोली मिळाल्यावर दोन आठवड्यांत नगरपालिकेत जाऊन पत्ता नोंदवायचा, तो कागद नसेल तर पुढची कामं अडतात. आणि माहिती यूट्यूबवर नाही, त्या देशाच्या सरकारी साईटवर बघा.

आता रानाचं, कारण शेवटी सगळे यावरच येतात. पोरगं दहा वर्षांनी तिकडचं नागरिकत्व घेतो म्हणलं तर? जर्मनीनं जून २०२४ पासून दोन नागरिकत्वं चालतील म्हणून सांगितलं, त्यावर इथं लोकांनी पेढे वाटायचे बाकी ठेवले. पण टाळी एका हातानं वाजत नाही, आपला १९५५ चा नागरिकत्व कायदा दुसरं घेतलं की आपलं संपलं म्हणतो, आपोआप, आणि भारतीय पासपोर्ट जमा करावा लागतो. त्यावर ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या आपल्या माणसाचं कार्ड, मिळतंय, येणंजाणं आयुष्यभर मोकळं, पण मतदान नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. हे नुसतं ओसीआयचंच नाही, भारतीय पासपोर्ट असून तिकडं राहणाऱ्यालाही शेतजमीन विकत घेता येत नाही. वडिलांच्या माघारी वारसानं येणारी मात्र दोघांनाही येते, नाव लागतंय. विकायची झाली तर इथं राहणाऱ्या भारतीय माणसालाच. म्हणजे दोन्ही भाऊ तिकडं गेले तर एकानं दुसऱ्याचा हिस्सा विकत घ्यायचा म्हणलं की गाडी अडती. तेव्हा भावाभावांत वाटणी करायची असेल, कुणाचा हिस्सा कुणाला द्यायचा असेल, तर दोघं इथं असताना फेरफार मारून घ्या, सातबाऱ्यावर नाव चढलेलं डोळ्यानं बघा आणि मग बॅगा भरा.