कॉम्पॅक्ट कॅमेरे आणि लेन्स कम्पेअर करताय? या चुका टाळा

कॅमेरा घ्यायचा ठरला की आपण दोन मॉडेलचे स्पेक्स शेजारी शेजारी ठेवतो आणि ज्याचे आकडे भारी तो कॅमेरा भारी असं धरून चालतो, पण ते आकडे बऱ्याचदा एकाच गोष्टीबद्दल नसतातच.

झूमचंच घ्या. २४ ते ७२ एमएम (लेन्सची फोकल लेंथ, आकडा जितका लहान तितकं जास्त रुंद दृश्य मावतं) म्हणजे ३एक्स आणि २८ ते ८४ पण ३एक्सच, पण छोट्या खोलीत दहा जणांचा ग्रुप फोटो काढायला गेलात की २८ वाल्यात कडेचे लोक कापले जातात. म्हणून एक्स सोडा, कुठून कुठपर्यंत ते बघा.

ॲपर्चरमध्ये, म्हणजे लेन्समधल्या उजेड आत सोडणाऱ्या छिद्रात, तर सगळ्यात जास्त फसगत होते. एफचा आकडा जितका लहान तितकं छिद्र मोठं आणि उजेड जास्त. बॉक्सवर ठळक दिसतो तो एफ/१.८, आणि तो फक्त वाइडला, म्हणजे झूम न करता, मिळतो. २०१२ चा पहिला सोनी आरएक्स१०० बघा, २८ एमएमला एफ/१.८ पण १०० एमएमला गेलात की एफ/४.९. कॅननचा जी७एक्स मार्क थ्री त्याच १०० एमएमला एफ/२.८ देतो, सेन्सरही (फोटो टिपणारी चिप) तेवढाच एक इंची, म्हणजे जवळजवळ तिप्पट उजेड. कॅननला आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता, वाढवली की फोटोत दाणे म्हणजे नॉइज येतो) ८०० पुरत असेल तिथे सोनीला २४०० लागेल, आणि संध्याकाळी पोर्ट्रेट काढताना तो फरक चेहऱ्यावर लगेच दिसतो. आणि हो, एक इंची सेन्सर खरा एक इंचाचा नसतो, १३.२ बाय ८.८ एमएमचा असतो, त्यामुळे त्याच्यावरच्या एफ/१.८ ला बॅकग्राउंड ब्लर फुल फ्रेमच्या (३६ बाय २४ एमएमच्या मोठ्या सेन्सरच्या) साधारण एफ/४.९ एवढाच मिळतो. एक्स्पोजर, म्हणजे फोटो किती उजळ येतो ते, मात्र एफ/१.८ चंच राहतं, हे दोन मुद्दे लोक सारखे एकत्र करतात.

२० आणि ४० मेगापिक्सेलचे फोटो १०० टक्के झूम करून कम्पेअर करू नका प्लीज, ४० वाला जास्त मोठा होऊन दिसतो त्यामुळे नॉइज आणि हललेलं सगळं जास्त जाणवतं. दोन्ही एकाच साइजला आणा आणि मग बघा.

आता फोटोची एक बाजू सॉफ्ट, म्हणजे धूसर, येत असेल तर. मी स्वतः एकदा लेन्स खराब आहे म्हणून कॅमेरा परत करायला निघालो होतो आणि नंतर कळलं की कॅमेराच भिंतीला तिरका लावला होता! म्हणून टेस्ट नीट करा. भिंतीवर वर्तमानपत्राची पानं सपाट चिकटवा, कॅमेरा ट्रायपॉडवर अगदी समोर, स्टॅबिलायझेशन (हात हलल्याचा परिणाम कमी करणारी सोय) बंद, दोन सेकंदांचा टायमर, ॲपर्चर पूर्ण उघडं, आणि एकदा वाइडला एकदा टेलीला (पूर्ण झूम करून) फोटो काढा. मग कॅमेरा उलटा (वरची बाजू खाली) करून परत तेच. भिंतीवरचं तेच पान दोन्ही वेळा सॉफ्ट आलं तर तुमचा कॅमेरा तिरका होता, पण सॉफ्टपणा भिंतीच्या दुसऱ्या बाजूला सरकला तर लेन्सच्या आतलं अलाइनमेंट बिघडलंय.

सगळाच फोटो सॉफ्ट असेल तर ॲपर्चर बघा. शार्प येईल म्हणून एक इंची सेन्सरवर एफ/११ लावलं तर डिफ्रॅक्शनमुळे (बारीक छिद्रातून जाताना उजेड पसरतो त्यामुळे) उलट बारीक डिटेल जातात, एफ/४ ते ५.६ पुरे. दिव्यांभोवती धुरकट वलय येतंय तर आधी लेन्सवरचा बोटाचा ठसा पुसा. आणि ती पानांची टेस्ट कॅमेरा घेतल्या घेतल्या करा, म्हणजे लेन्स खरंच तिरकी निघाली तर परत करायची मुदत हातात असेल.