स्वस्तातलं सॉफ्टवेअर घेताय? पैसे देण्याआधी काय तपासायचं

बहुतेक सॉफ्टवेअरची इन्स्टॉल करायची फाइल कंपनीच्या संकेतस्थळावरून कुणालाही उतरवून घेता येते. पैसे पडतात ते वापरण्याच्या परवान्याचे. हा परवाना कंपनी नंतरही तपासू शकते आणि नियमात बसत नसेल तर रद्द करू शकते. परवाना चालू करायला जो अक्षरं-आकड्यांचा कोड टाकावा लागतो, त्याला ‘की’ म्हणतात. स्वस्तात अशा की विकणाऱ्यांचा धंदा याच फटीत चालतो. की टाकली, अ‍ॅक्टिव्हेशन झालं, गिऱ्हाईक खूश, लगेच पाच तारे देऊन मोकळं. चोरीची कीसुद्धा पहिल्या दिवशी चालतेच. ती बंद पडते तेव्हा रिव्ह्यू लिहून झालेला असतो. म्हणून अशा दुकानांच्या ताऱ्यांवर मी फारसा विश्वास ठेवत नाही. ही की मुळात कुणाला दिली होती, हे आधी शोधायचं.

आधी बघा, घ्यायची गरज आहे का

विंडोज पुन्हा टाकायचं म्हणून नवी की शोधणारे बरेच जण विनाकारण पैसे घालवतात. विंडोज ८ पासून तयार विंडोजसह येणाऱ्या बहुतेक लॅपटॉपची की मदरबोर्डमध्येच साठवलेली असते. तीच आवृत्ती, म्हणजे होम असेल तर होम, पुन्हा टाकली आणि इंटरनेट जोडलं की अ‍ॅक्टिव्हेशन आपोआप होतं. मदरबोर्ड बदलला असेल तर गोष्ट वेगळी. आणि अ‍ॅक्टिव्हेट न केलेलं विंडोज लगेच बंद पडत नाही. कोपऱ्यात सूचना दिसत राहते, वॉलपेपर वगैरे बदलता येत नाही, एवढंच. तेव्हा घाबरून आज रात्रीच की घ्यायचं कारण नाही.

पत्रं आणि हिशेबाचे तक्ते करायला लिब्रेऑफिस, फोटोंसाठी गिंप, चित्रांसाठी क्रिटा, व्हिडिओसाठी दा विंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती, यांवर पुष्कळांचं काम भागतं. विद्यार्थी-शिक्षकांनी आपल्या संस्थेच्या ईमेलवर काय मोफत मिळतं ते आधी विचारावं. पण समोरच्याला ठरावीक प्रोग्रॅमचीच फाइल हवी असेल, तर पर्याय शोधत बसण्यात अर्थ नाही. पुढे चला.

कंपनी ती वस्तू विकते तरी का?

ही तपासणी दोन मिनिटांची आहे आणि निम्म्या जाहिराती इथेच गळतात. अडोबीने २०१३ मध्ये जाहीर केलं, की फोटोशॉपच्या पुढच्या आवृत्त्या फक्त सबस्क्रिप्शनवर मिळतील. ऑटोकॅड बनवणाऱ्या ऑटोडेस्कने २०१६ मध्ये कायमस्वरूपी परवाने विकणं थांबवलं. म्हणजे ‘एकदाच पैसे भरा, नवीन फोटोशॉप आयुष्यभर वापरा’ असं कुणी म्हणत असेल, तर ती वस्तू अस्तित्वातच नाही. उलट मायक्रोसॉफ्ट ऑफिस २०२४ एकदाच पैसे घेऊन विकलं जातं. त्यामुळे नुसता ‘लाइफटाइम’ शब्द दिसला म्हणून फसवणूक ठरत नाही. कंपनीच्या किमतींच्या पानावर जाऊन तसा प्रकार आहे का, ते पाहायचं.

यातला सगळ्यात ओंगळ प्रकार ‘मायक्रोसॉफ्ट ३६५ लाइफटाइम अकाउंट’चा. मायक्रोसॉफ्ट ३६५ हे मुळात सबस्क्रिप्शन. यात की मिळतच नाही. विक्रेता एक तयार यूजरनेम आणि पासवर्ड पाठवतो. ते खातं कुठल्यातरी संस्थेच्या नावावर उघडलेलं असतं आणि त्याचा अ‍ॅडमिन दुसराच कुणीतरी असतो. तो पासवर्ड बदलू शकतो, खातं उडवू शकतो आणि तुम्ही त्या खात्याच्या वनड्राइव्हवर, म्हणजे ऑनलाइन साठवणीत, ठेवलेल्या फाइल्स उघडूनही पाहू शकतो. ओळखपत्रांच्या प्रती अशा जागी ठेवणं म्हणजे घराची किल्ली अनोळखी माणसाकडे देऊन गावाला जाणं.

की कुठल्या प्रकारची आहे, ते लेखी विचारा

विंडोजच्या की ढोबळमानाने तीन प्रकारच्या असतात. रिटेल की एका संगणकावरून काढून दुसऱ्यावर नेता येते. ओईएम, म्हणजे संगणक बनवणाऱ्या कंपन्यांसाठीची की ज्या संगणकावर पहिल्यांदा बसली, त्याच्याशीच बांधलेली राहते. व्हॉल्यूम की संस्थांसाठी असते आणि एकच की अनेक संगणकांवर चालते. बाहेर फुटते ती बहुधा हीच. पन्नास जणांना विकलेली एकच की कंपनीच्या लक्षात आली की ती बंद केली जाते आणि पन्नासही जण अडकतात. चोरलेल्या क्रेडिट कार्डावर घेतलेल्या की हा आणखी एक स्रोत. खऱ्या कार्डधारकाने तक्रार केली, की त्याही रद्द होऊ शकतात.

सगळी पुनर्विक्री बेकायदा असते असं मात्र नाही. युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१२ मध्ये वापरलेल्या कायमस्वरूपी परवान्यांच्या विक्रीला मान्यता दिली. अट अशी, की मूळ मालकाने आपली प्रत वापरणं बंद केलेलं हवं. प्रामाणिक विक्रेता त्याचे कागद दाखवतो. ‘सर, १०० टक्के जेन्युइन’ एवढंच उत्तर आलं, तर पाणी कुठेतरी मुरतंय.

की घेऊन झाली असेल तर प्रकार स्वतःलाच पाहता येतो. विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबून उघडणाऱ्या चौकटीत इंग्रजीत एस-एल-एम-जी-आर ही अक्षरं सलग, मग एक जागा सोडून तिरकी रेघ आणि डी-एल-आय टाइप करा. समोर येणाऱ्या माहितीत रिटेल, ओईएम किंवा व्हॉल्यूम यांपैकी एक शब्द असतो. रिटेल म्हणून घेतलेली की व्हॉल्यूम निघाली, तर परताव्याची मुदत संपायच्या आत तक्रार करा. संस्थेच्या सर्व्हरवरून होणारं केएमएस पद्धतीचं अ‍ॅक्टिव्हेशन दर १८० दिवसांत नव्याने व्हावं लागतं, म्हणून काहींचं विंडोज सहा महिन्यांनी अचानक रुसतं.

दुकानाचा पत्ता

सर्च केल्यावर सगळ्यात वर दिसतं ते बहुधा जाहिरातीतलं पान असतं. ओबीएस, व्हीएलसी, सेव्हन-झिप अशा फुकट सॉफ्टवेअरचीही खोटी पानं जाहिरातींतून वर आणली गेली आहेत. २०२३ मध्ये कीपास या पासवर्ड सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमचं हुबेहूब पान सापडलं. पत्त्यातल्या एका अक्षराखाली बारीकशी खूण होती, एवढाच फरक. त्यामुळे जाहिरातीवर क्लिक न करता पत्ता स्वतः टाइप केलेला बरा. ब्राउझरमध्ये पत्त्याशेजारी दिसणाऱ्या कुलपाच्या चिन्हावर विसंबू नका. ते फक्त जोडणी सुरक्षित असल्याचं सांगतं, दुकानदाराबद्दल काहीच नाही. क्रोमने ते चिन्ह २०२३ मध्ये काढूनच टाकलं. डोमेन, म्हणजे साइटचं नाव, कधी नोंदवलं गेलं, हे इंटरनेटवरच्या नावांची व्यवस्था पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेच्या शोधपानावर दिसतं. ‘पंधरा वर्षांचा विश्वास’ सांगणारं दुकान गेल्या महिन्यात उघडलेलं असू शकतं. मोठ्या बाजारपेठेच्या साइटवर घेत असाल, तर वस्तू नेमकी कोण विकतंय ते नाव वाचा.

पैसे आणि फाइल

शक्यतो क्रेडिट कार्डाने पैसे भरा, कारण वाद घालून ते परत मागता येतात. गिफ्ट कार्ड, क्रिप्टो किंवा थेट खात्यात पाठवलेले पैसे सहसा परत येत नाहीत. खऱ्या कंपनीच्या सवलतीतही पुढच्या वर्षीची किंमत बघा आणि ऑटो-रिन्यूअल त्याच दिवशी बंद करा.

की कुठूनही घ्या, इन्स्टॉलर मात्र मूळ कंपनीच्या साइटवरूनच उतरवा. फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये डिजिटल सिग्नेचर्स हा टॅब असतो, तिथे कंपनीचं नाव दिसलं पाहिजे. विक्रेता ‘अँटिव्हायरस थोडा वेळ बंद करा’ म्हणाला किंवा स्क्रीन शेअर करायला सांगू लागला, तर तिथेच थांबा. क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरमधून रेडलाइन आणि रकूनसारखे माहितीचोर प्रोग्रॅम पसरले. ते ब्राउझरमधले पासवर्ड आणि लॉगिनच्या कुकीज, म्हणजे तुम्ही आत आलेले आहात हे साइटला सांगणाऱ्या छोट्या नोंदी, उचलतात. चालू लॉगिनची कुकी चोराच्या हाती गेली, तर त्याला ओटीपीही लागत नाही.

तरीही फसलात तर

संशयित फाइल चालवली असेल तर इंटरनेट तोडा. दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून आधी ईमेलचा आणि मग बँकेचा पासवर्ड बदला. नुसता पासवर्ड बदलून थांबू नका, सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट करा, म्हणजे चोरलेल्या कुकीज निकामी होतील. मग बँकेला कळवा आणि सायबर पोलिसांकडे तक्रार करा. संभाषण, पावती, की असं सगळं जपून ठेवा. काही दिवसांनी ‘तुमचे बुडालेले पैसे मिळवून देतो, थोडी फी भरा’ असा फोन येऊ शकतो. तो आगीतून फुफाट्यात नेणारा. फी भरू नका, त्याचा नंबर तेवढा तक्रारीत जोडा.