मालवणात स्कूबा करताय? पाणी उथळ म्हणून या चुका करू नका

तारकर्ली-मालवणला स्कूबासाठी येणारे बरेच जण ‘पाणी कुठे एवढं खोल आहे!’ म्हणून निर्धास्त असतात. पण दाब सगळ्यात झपाट्याने बदलतो तो पहिल्या १० मीटरांतच. तेवढ्यात तो दुप्पट होतो. म्हणूनच कानांत दडे बसतात ते अगदी सुरुवातीला.

कान दुखायला लागल्यावर नाक दाबलं तर उशीर झालेला असतो. डोकं पाण्याखाली गेल्याबरोबर मास्कवरूनच नाक चिमटीत धरा आणि हलकेच फुंका. मग दर दोन-तीन फुटांवर तेच. कान मोकळा होत नसेल तर इन्स्ट्रक्टरला कानाकडे बोट दाखवा, थोडं वर या, पुन्हा करून बघा. जोर लावलात तर पडद्याला इजा होते. सर्दी असेल तर त्या दिवशी उतरूच नका. सर्दीची गोळी घेऊन उतरलात आणि तिचा असर पाण्यात असतानाच ओसरला, तर वर येताना कानात हवा कोंडते.

श्वास रोखणं याहून धोक्याचं. १० मीटरवर छातीत भरलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट फुगते, आणि फुप्फुसं फाटायला याहून कमी खोलीही पुरते. तोंडाने सावकाश, पण सतत श्वास चालू ठेवा.

मास्कमध्ये पाणी येतंय? पट्टा आवळून उपयोग नाही. बहुतेकदा कडेखाली केस अडकलेले असतात, नाहीतर मिशी आड येते. पाण्यात असाल तर मास्कची वरची कड कपाळावर दाबा, मान जरा वर करा आणि नाकाने हवा सोडा. पाणी खालून निघून जातं. आणि ‘मस्त’ म्हणून अंगठा वर करू नका, त्याचा अर्थ ‘मला वर न्या’ असा होतो.

आता पोवळ्यांचं. गोंधळलं की माणूस पाय टेकायला जागा शोधतो आणि नेमका प्रवाळावर उभा राहतो. तो दगड वाटतो, पण त्याच्या पृष्ठभागावर जिवंत प्राण्यांचा पातळ थर असतो. गोल, दगडासारखे प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात. तुमच्या टाचेखाली कित्येक वर्षांची वाढ चिरडते. गुडघे किंचित वाकवून पाय वर ठेवा, हात छातीशी. वाळूही ढवळू नका, ती प्रवाळावर बसली की त्याला लागणारा उजेड अडतो. फोटोसाठी माशांना ब्रेड द्यायला तर ठाम नकार द्या. पोवळ्याचा तुकडा उचलणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.

परतीचं विमान असेल तर एका डायव्हनंतर किमान १२ तास थांबा. एकाहून जास्त वेळा उतरला असाल तर १८.