दोन मार्गांच्या संगमाने दडवलेली जोखीम

एका प्रकल्पाचे वेळापत्रक आखताना पर्ट पद्धतीने (अनिश्चित कालावधीच्या कामांचा अंदाज बांधण्याची रीत) प्रत्येक कामाच्या कालावधीचे आशावादी, सर्वाधिक संभाव्य आणि निराशावादी अंदाज घेऊन, मधल्याला चौपट वजन देत, बेरजेला 6 ने भागून मी अपेक्षित कालावधी काढला. तरी क्रांतिक मार्गाने, म्हणजे एकमेकांवर अवलंबून असलेल्या कामांच्या सर्वांत लांब साखळीने, दिलेली तारीख मला पटत नव्हती. अंतिम चाचणीपूर्वी जवळपास सारख्याच लांबीचे दोन मार्ग एकत्र येत होते. ते परस्परांपासून स्वतंत्र असतील आणि प्रत्येक वेळेत संपण्याची शक्यता 50 टक्के असेल, तर दोन्ही वेळेत संपण्याची शक्यता केवळ 25 टक्के उरते, आणि नेमके हेच एका मार्गापुरत्या गणितात दिसत नाही. म्हणून माँटे कार्लो पद्धतीने, म्हणजे दर वेळी कामांचे कालावधी यादृच्छिकपणे निवडून, कामांच्या संपूर्ण जाळ्याची हजारो वेळा गणना करून 80 टक्के शक्यतेची तारीख कळवली आणि राखीव वेळ कामाकामांत न विखुरता संगमापाशी एकत्र ठेवला.