चोपड्याच्या घरात खाऱ्या पाण्याची टाकी

चोपडा तालुक्यात आमची केळीची बाग आहे. ओसरीलगतच्या खोलीत खाऱ्या पाण्याची टाकी आहे, तिला आता सहा वर्षं झाली. सातवीच्या सहलीत मुंबईला मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय पाहिलं होतं. तेव्हापासून हे मनात होतं. टाकी भरली त्या दिवशी आईनं काचेला हात लावून विचारलं, "आठे समुद्र कसा उना रे?" (इथं समुद्र कसा आला रे?) समुद्रापासून इतक्या लांब, मे महिन्यात ४५ अंशांवर जाणाऱ्या गावात हे कसं जमवायचं, ते सगळं सांगतो. पुस्तकांतले सल्ले बहुतेक किनाऱ्यावरच्या नाहीतर थंड देशांतल्या लोकांचे असतात. आपल्याकडे अडचणी वेगळ्या आहेत.

आधी कायद्याचं. टाकीत पोवळी ठेवण्याचा विचार मनातून काढून टाका. दगडासारखी कठीण पोवळी, समुद्री पंखे आणि समुद्रघोडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं संरक्षित आहेत. जिवंत तर नाहीच, मेलेल्या पोवळ्याचा तुकडासुद्धा घेऊ नका, विकणारा काहीही सांगो. मी फक्त मासे, थोड्या गोगलगायी आणि एक कोळंबी ठेवतो. पहिल्या टाकीला तेवढंच झेपतं.

टाकी ४ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच घ्या. लहान टाकी सोपी वाटते, पण आपल्या उन्हाळ्यात कमी पाणी लवकर तापतं आणि लवकर बिघडतं. या मापात तोंडाशी २५५ लिटर मावतं. वरची मोकळी जागा, वाळू आणि दगड वजा केले आणि खालच्या सम्पमधलं (टाकीखालच्या गाळणीच्या दुसऱ्या टाकीतलं) पाणी धरलं तर प्रत्यक्षात २४० लिटरच्या आसपास पाणी असतं. स्टँडसकट वजन ४०० किलोवर जातं, म्हणून तळमजल्याची फरशीच बरी. वरच्या मजल्यावर ठेवायची असेल तर बीमवर, भिंतीला लागून ठेवा. काचेखाली थर्माकोल घाला आणि लेव्हल पाइपानं चारी कोपरे तपासा. पश्चिमेची खिडकी असलेली खोली नको.

आता पाणी. खरं काम इथंच आहे. पाण्याचा गुण एकसारखा राहिला की मासे राहतात.

आमच्या बोअरचा टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) ९०० येतो. ते पाणी सरळ वापरलं तर त्यातले क्षार आणि नायट्रेट पहिल्या दिवसापासून टाकीत जातात आणि काचेवर शेवाळ धरतं. घरचा आरओ चालतो, पण बहुतेक यंत्रांत चव राखायला थोडं कच्चं पाणी परत मिसळणारा स्क्रू असतो. तो बंद करा. मिनरलची नळी असेल तर तिच्या आधीच पाणी काढून घ्या. त्यापुढे डीआय रेझिनची (उरलेले क्षार धरून ठेवणारी) एक नळी जोडली की मीटर शून्य दाखवतो. ड्रिपच्या खतासाठी बऱ्याच शेतकऱ्यांकडे टीडीएसचा नाहीतर ईसीचा (विद्युतवाहकतेचा) मीटर असतोच, तोच इथं कामाला येतो.

मीठ म्हणजे मत्स्यालयाचं समुद्री मीठ. खायच्या मिठात जवळपास निव्वळ सोडियम क्लोराइड असतं. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेट हेही ठरावीक प्रमाणात असतात आणि माशाचं शरीर त्या पाण्याला जुळलेलं असतं. लिटरमागे ३५ ते ३८ ग्रॅम धरा, म्हणजे पहिल्या भरणीला साडेआठ ते नऊ किलो लागेल. आधी पाणी, मग मीठ, हा क्रम उलटा करू नका. मिठावर पाणी ओतलं तर कॅल्शियमचा पांढरा गाळ बसतो आणि तो परत विरघळत नाही. ड्रममध्ये छोटा पंप सोडून रात्रभर फिरवा, मग क्षारता (हजार भाग पाण्यात किती भाग मीठ) मोजा. मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्या आणि तो ३५ च्या प्रमाण द्रावणावर जुळवून घ्या. प्लॅस्टिकचा काटेवाला हायड्रोमीटर मी वर्षभर वापरला. काट्याला एक बुडबुडा चिकटला तरी आकडा बदलतो. आपल्याला क्षारता ३५, म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२६ च्या आसपास हवं.

तळाला ऍरागोनाइटची वाळू घाला. ती चुनखडीची असते, त्यामुळे पाण्याचा सामू (पीएच) ८.१ ते ८.४ मध्ये राहायला मदत होते. तापीची वाळू नको. मी ती धुऊन त्यात चुंबक फिरवून पाहिला, तर काळे कण झुबक्यानं चिकटले. लोह असलेली वाळू खाऱ्या पाण्यात कशाला घालायची? दगड सच्छिद्र घ्या, कोरडे घ्या, त्यांच्या भेगांत जिवाणू राहतात. खाली सम्प, त्यात प्रोटीन स्किमर. स्किमर बारीक बुडबुडे सोडतो, माशांची घाण त्या बुडबुड्यांना चिकटून वर येते आणि तपकिरी फेस वाटीत जमतो. टाकीत पाणी हलतं ठेवायला दोन वेव्हमेकर लावा. दिव्याचं फार मनावर घेऊ नका, माशांपुरता साधा एलईडी ८ तास पुरतो.

सम्प बसवल्यावर मासे यायच्या आधी एक परीक्षा कराच. मेन स्विच बंद करून उभे राहा आणि पाणी कुठपर्यंत खाली येतं ते पाहा. मी हे केलं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात रात्री लाइट गेली, वर चढणाऱ्या पाइपातून पाणी उलटं ओढलं गेलं आणि सकाळी खोलीभर खारं पाणी होतं. वर चढणाऱ्या त्याच पाइपाला टाकीतल्या पाण्याच्या पातळीच्या जरा खाली एक छोटं भोक पाडलं की हवा शिरते आणि ओढ तुटते. ते भोक महिन्यातून एकदा टाचणीनं साफ करायचं, त्यात मीठ साचतं.

यानंतर थांबायचं असतं, आणि शेतकऱ्याला हे समजवायला वेळ लागू नये. युरिया टाकला की पिकाला लगेच लागत नाही. मातीत आधी त्याचा अमोनिया होतो, मग जिवाणू त्याचं नायट्राइट करतात आणि शेवटी नायट्रेट. टाकीत तेच घडतं, फक्त सुरुवात माशाच्या कल्ल्यांतून निघणाऱ्या अमोनियापासून आणि विष्ठेपासून होते. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही विष आहेत. नायट्रेट बरंच सौम्य. हे काम करणारे जिवाणू दगडांवर वाढायला ४ ते ६ आठवडे लागतात. तोवर मासा सोडायचा नाही. सुरुवातीला कच्च्या कोळंबीचा एक तुकडा जाळीत बांधून सोडा. तो कुजून अमोनिया देतो. खताच्या पोत्यातलं काही टाकू नका, त्यात आणखी काय असतं ते आपल्याला माहीत नसतं. दर दोन दिवसांनी किटनं तपासा. अमोनिया चढेल आणि उतरेल, मग नायट्राइट चढेल आणि उतरेल. दोन्ही शून्यावर आले आणि नायट्रेट दिसू लागलं की बरंच पाणी बदला. मगच मुंबईचं तिकीट काढा.

मासे मी कुर्ल्याच्या बाजारातून आणतो. पहिले दोन क्लाउनफिश मी मारले, आणि ते अजून मला लागतं. दुपारी पिशव्या बांधून घेतल्या, जळगावपर्यंत रेल्वे, पुढे गाडी. घरी पोचेपर्यंत बारा तास झाले होते. पुस्तकात लिहिल्याप्रमाणे पिशव्या उघडून दोन तास थेंब थेंब टाकीचं पाणी त्यांत सोडत बसलो. सकाळी दोघेही तळाला होते. कारण नंतर समजलं. बंद पिशवीत माशाच्या श्वासामुळे कार्बन डायऑक्साइड साठतो आणि सामू खाली जातो. सामू कमी असेतोवर साठलेला अमोनिया फारसा बाधत नाही. पिशवी उघडली की वायू निघून जातो, सामू चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. मी त्यांना दोन तास त्याच पाण्यात ठेवलं होतं.

म्हणून लांबच्या प्रवासाला दुसरी रीत. दुकानदाराला त्याच्या पाण्याची क्षारता आधी फोनवर विचारा. बहुतेक जण ती जरा कमी ठेवतात. घरच्या वेगळ्या छोट्या टाकीचं पाणी त्याच आकड्यावर तयार ठेवा. बंद पिशवी वीस मिनिटं तरंगू द्या म्हणजे तापमान जुळेल. मग उघडा, मासा हलक्या हातानं उचलून सोडा, पिशवीतलं पाणी फेकून द्या. क्षारता पुढच्या काही दिवसांत हळूहळू ३५ वर न्या. गाडीत पिशव्या थर्माकोलच्या खोक्यात ठेवा आणि शक्यतो नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच आणा.

त्या वेगळ्या ४० लिटरच्या टाकीत मासा ४ ते ६ आठवडे राहतो. केळीचं टिश्यूकल्चरचं रोप आपण तपासून घेतो आणि सीएमव्ही (विषाणूचा रोग) दिसला की उपटतो, कारण एका रोपामुळे बाग जाते. इथंही तसंच आहे. खाऱ्या पाण्यातला पांढऱ्या ठिपक्यांचा रोग अंगावर रव्याचे दाणे चिकटल्यासारखा दिसतो. मोठ्या टाकीत तो शिरला की काढणं फार अवघड, कारण त्यावरचं तांब्याचं औषध तिथं घालता येत नाही. गोगलगायी आणि कोळंबी त्यानं मरतात, आणि दगड-वाळू तांबं धरून ठेवतात.

तांब्यावरून आठवलं. बागेत कॉपर ऑक्सिक्लोराइड (तांब्याचं बुरशीनाशक) किंवा कुठलंही कीटकनाशक मारून आल्यावर त्या दिवशी मी टाकीत हात घालतच नाही. टाकीची बादली, मग, नळी यांवर लाल रंगाचा पट्टा मारलाय, त्या शेतात जात नाहीत आणि शेतातली बादली इथं येत नाही. खोलीत मच्छर अगरबत्ती आणि फवारा बंद. त्यातली औषधं माशांना थोड्या मात्रेतही घातक असतात, आणि स्किमर तर खोलीतली हवा सतत पाण्यात खेचत असतो.

मासे कोणते? क्लाउनफिशची जोडी, तीही टाकीतच पैदास झालेली मागा. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं आपल्याकडे त्यांची पैदास करून दाखवली आहे आणि अशी पिल्लं समुद्रातून पकडलेल्यांपेक्षा टाकीत चांगली रुळतात. दोन लहान पिल्लं एकत्र घेतली की झालं, कारण सगळी नर म्हणूनच वाढतात आणि दोघांतला वरचढ पुढे मादी होतो. जोडीला एक फायरफिश (तो उडी मारतो, वर जाळी हवीच) आणि शेवाळ खाणारा एक ब्लेनी. क्लाउनफिशच्या जोडीनंतर एका वेळी एकच मासा वाढवा, मध्ये महिना जाऊ द्या. डॅमसेल स्वस्त आणि काटक असतो, पण इतरांना जगू देत नाही. मँडरिनफिश कितीही सुंदर दिसला तरी नको. तो दगडांवरचे सूक्ष्म जीव टिपून जगतो, नव्या टाकीत उपाशी मरतो.

आता उन्हाळा. टाकी २५ ते २७ अंशांवर हवी आणि मे महिन्यात आमची खोली दुपारी ३७ वर असते. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, मासे पृष्ठभागावर तोंड उघडून धापा टाकू लागतात. चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) महाग आहे. मी तीन वर्षं त्याच्याशिवाय काढली, ती दोन छोट्या पंख्यांवर. पंखा तिरका, पाण्याच्या पृष्ठभागावर. आपली उन्हाळी हवा इतकी कोरडी असते की बाष्पीभवनानं पाणी चांगलं थंड होतं. त्याच खोलीत कूलर लावू नका, दमट हवेत पंख्याचा उपयोग निम्मा होतो. म्हणूनच आमच्याकडे सगळ्यात अवघड दिवस मेमध्ये येत नाहीत, जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात येतात. उकाडा असतो, हवा ओली असते आणि पंखा हरतो. तेव्हा आरओच्या पाण्याच्या बर्फाच्या सीलबंद बाटल्या सम्पमध्ये सोडायचो, एका वेळी एकच, म्हणजे तापमान झपकन पडत नाही. दिवे रात्री लावायचो. चौथ्या वर्षी चिलर घेतला. ज्यांना परवडतो त्यांनी पहिल्याच वर्षी घ्यावा.

पंख्यानं रोज ४ लिटर पाणी उडतं. उडतं ते गोडं पाणी, मीठ मागं राहतं. पाच दिवस लक्ष दिलं नाही तर ३५ चं ३८ होतं. भर घालायची ती नेहमी बिनमिठाच्या आरओ पाण्याची, आणि ती संथपणे. पहिल्यांदा मी ड्रिपचा ड्रीपर लावून पाहिला, पण त्याला दाब लागतो, स्टुलावरच्या कॅनचा दाब पुरत नाही. मेडिकलमधून सलाईनचा नवा सेट आणला आणि काम झालं. माझ्या सेटचे २० थेंब म्हणजे १ मिली. दिवसाला ४ लिटर हवे तर मिनिटाला साधारण ५५ थेंब. कॅनमध्ये एका दिवसापुरतंच पाणी भरायचं, म्हणजे चाकी सैल झाली तरी टाकी पातळ होणार नाही.

हिवाळ्यात उलटं. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १० च्या खाली जातो, २०० वॅटचा हीटर लागतो.

लाइट गेल्यावर आधी काय जपायचं, तर पाण्याची हालचाल. इन्व्हर्टरवर एक वेव्हमेकर जोडून ठेवा, तो थोडीच वीज खातो. शिवाय बॅटरीचा हवापंप घरात असू द्या. माशांना एक दिवस खायला नाही मिळालं तर काही होत नाही, पाणी हलायचं थांबलं तर काही तासांत जीव जातो.

रविवारी सकाळी मी २४ लिटर पाणी बदलतो. आदल्या संध्याकाळी साडेआठशे-नऊशे ग्रॅम मीठ घालून नवं पाणी तयार असतं. नळीनं वाळूवरची घाण ओढून घेतो, काच पुसतो, स्किमरची वाटी धुतो, नायट्रेट तपासून वहीत लिहितो. ते (लिटरमागे मिलिग्रॅममध्ये) २० च्या आत असलं की मी समाधानी, ४० च्या वर गेलं तर खाणं कमी करतो. काढलेलं खारं पाणी मोरीतच ओततो. झाडाला, परसात किंवा बांधावर कधी नाही. सोडियमनं जमीन चोपण होते आणि केळीला खारं अजिबात सोसत नाही.

लग्नसराईत चार-पाच दिवस घर सोडावं लागतं तेव्हा पुतण्या येतो. त्याला डबा देत नाही, कारण माशांची दया येऊन सगळे जास्तच टाकतात. सोमवार, बुधवार, शुक्रवार अशी नावं लिहून कागदाच्या तीन पुड्या करून ठेवतो. प्रत्येकीत दोन चिमटी खाणं. कॅन भरायची खूण पट्टीनं केलेली असते, आणि संध्याकाळी तो मला थर्मामीटरचा फोटो पाठवतो.